तळटीप : कव्हर पेज
१२. कव्हर पेज : फॅक्सच्या मजकुराआधी जाणारे पान. एकच यंत्र अनेकांचे असलेल्या कचेरीत आलेला कागद कोणाचा, किती पानांचा, हे त्यावरूनच कळे. विंडोज एक्सपीच्या (२००१) फॅक्स सुविधेत गोपनीय, माहितीसाठी, सर्वसाधारण आणि तातडीचे असे चार तयार नमुने होते. कव्हर पेज एडिटरमध्ये स्वतःचा नमुनाही आखता येई. त्यात बोधचिन्ह आणि पत्ता कायमचे. नाव, फॅक्स क्रमांक, पृष्ठसंख्या यांच्या चौकटी मात्र पाठवताना आपोआप भरल्या जात. फॅक्स काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत जातो. राखाडी छटांनी वेळ वाढतो, म्हणून ठळक अक्षरे आणि मोकळी जागाच उत्तम. प्रस्तुत पत्रसंग्रहात ही पानेही जपली आहेत, कारण पत्राची नेमकी वेळ अनेकदा तिथेच सापडते. — संपा.