कुठे थांबायचे?

'पाणी सोडायचे नाही थांबायचे' हे वाक्य विरामचिन्हांशिवाय फळ्यावर लिहा आणि दोन मुलांना मोठ्याने वाचायला सांगा. एक जण 'सोडायचे'नंतर थांबला, तर कालव्याचे दार उघडेल. दुसरा 'नाही'नंतर थांबला, तर ते बंदच राहील. शब्द तेच, क्रमही तोच. फरक पडला तो क्षणभराच्या शांततेने.

इंदापूर तालुक्यातील बावड्यासारख्या गावात मुस्लिम कुटुंबातले मूल घरी बहुधा दखनी बोलते, शाळेत मराठी शिकते आणि कुराण मात्र अरबीत पढते. त्या अरबीचा अर्थ त्याला सहसा कळत नसतो. मग कुठे थांबायचे हे ते ठरवते कसे? उत्तर त्याच्या हातातल्या छापील प्रतीतच असते. ओळींच्या वर म, ज, ला अशी बारीक अरबी अक्षरे दिसतात. त्यांच्यामागे काही शतकांचा अभ्यास आहे.

सातव्या शतकातल्या सर्वांत जुन्या प्रतींमध्ये स्वरचिन्हे नव्हती, थांब्याच्या खुणाही नव्हत्या. वाचणाऱ्याला मजकूर तोंडपाठ असे. लेखन केवळ आठवणीसाठी. पुढे अरबी मातृभाषा नसलेले लोक पठण करू लागले आणि ही पद्धत अपुरी पडली. स्वर दाखवण्यासाठी रंगीत ठिपके देण्याचे श्रेय परंपरा बसऱ्याच्या अबुल अस्वद अद-दुअली (निधन इ.स. ६८८च्या सुमारास) यांना देते. पण स्वरचिन्हे शब्दाचा उच्चार सांगतात, वाक्य कुठे संपले ते सांगत नाहीत. आयत संपली की थांबता येते हे खरे. पण काही आयती फार लांब आहेत. दुसऱ्या अध्यायातली २८२वी आयत तर नेहमीच्या प्रतींत जवळजवळ पानभर असते. एका श्वासात ती कशी पुरी होणार?

श्वास संपला म्हणून कुठेही थांबले तर काय होते ते पाहू या. ३६व्या अध्यायाच्या ७६व्या आयतीत प्रेषितांना धीर दिला आहे, की विरोधकांच्या बोलण्याने दुःखी होऊ नका. पुढे ईश्वर सांगतो की ते काय लपवतात आणि काय उघड करतात हे आपण जाणतो. मध्ये थांबले नाही, तर हे दुसरे वाक्य विरोधकांचेच बोलणे वाटू लागते! म्हणून तेथे थांबणे आवश्यक मानले आहे.

अशा जागा शोधण्याचे एक शास्त्रच तयार झाले. त्याचे नाव 'वक्फ व इब्तिदा', म्हणजे थांबणे आणि पुन्हा सुरू करणे. बगदादचे इब्न अल-अंबारी (निधन ९४०) यांचा या विषयावरचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. प्रश्न दोनच: पुढच्या शब्दांशी व्याकरणाचा संबंध उरला आहे का? अर्थाचा उरला आहे का? दोन्ही संबंध संपले तर थांबा पूर्ण. फक्त अर्थाचा धागा उरला तर थांबा पुरेसा. वाक्य अर्धवट तुटून भलताच अर्थ निघाला तर थांबा वाईट. श्वासच संपला तर थांबावे, पण दोनतीन शब्द मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी. नावात 'सुरू करणे' आहे ते यासाठी.

बाराव्या शतकात, आजच्या अफगाणिस्तानातले मुहंमद इब्न तैफूर सजावंदी (निधन ११६५) यांनी या विचाराला अक्षरांच्या खुणा दिल्या. 'मीम' म्हणजे थांबलेच पाहिजे, 'तोय' म्हणजे थांबावे, 'जीम' म्हणजे थांबले तरी चालेल, 'ला' म्हणजे थांबू नये. अरबीत 'ला'चा अर्थच 'नाही'. भारतातल्या प्रतींत आजही मुख्यतः याच खुणा असतात. १९२४च्या कैरो आवृत्तीने त्यांत फेरबदल केले.

सगळीकडे एकमत होते असे मात्र नाही. तिसऱ्या अध्यायाच्या सातव्या आयतीत संदिग्ध वचनांचा उल्लेख आहे. तेथे 'अल्लाह' या शब्दानंतर थांबले, तर त्या वचनांचा अर्थ फक्त ईश्वराला माहीत आहे असे होते. न थांबता पुढे गेले, तर ज्ञानात मुरलेले विद्वानही तो जाणतात असे होते. माणसाच्या बुद्धीची मर्यादा कोठवर, हा मोठा वाद एका थांब्यावर उभा आहे. आपल्याकडच्या प्रतींत तेथे 'मीम' असतो; दुसऱ्या बाजूचे भाष्यकारही थोर होते.

मराठीची कथा वेगळी. मोडी कागदांत विरामचिन्हे नसत, शब्दही सलग लिहिले जात. पुण्यात दीर्घकाळ काम केलेल्या मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली मराठी विरामचिन्हांवर पुस्तक लिहिले. इंग्रजीच्या नमुन्यावरचे स्वल्पविराम, अर्धविराम हळूहळू आपल्या छापील पानांवर रुळले.

दोन्हींत एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. आपला स्वल्पविराम 'येथे थोडे थांबा' एवढेच म्हणतो. सजावंदींच्या खुणा थांबणे सक्तीचे आहे, ऐच्छिक आहे की चुकीचे आहे हेही सांगतात. अर्थ न कळणाऱ्या मुलाच्या पठणात व्याकरणकारांची समज उतरते ती अशी.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद विरामचिन्हे काढून मुलांना द्या. कुठे थांबलेच पाहिजे, कुठे चालेल, कुठे थांबू नये, अशा तीन खुणा त्यांनाच करू द्या. मुलांच्या खुणा जेथे जुळणार नाहीत, तेथून त्या दिवशीचा धडा सुरू करा.