बांधून ठेवलेली पोथी

वाचकहो, आपल्या घरी देव्हाऱ्यात किंवा माळ्यावरच्या पेटीत लाल फडक्यात बांधलेली एखादी पोथी असेल, तर ती आज एकदा खाली काढा. मराठी घरातली अशी पोथी पुष्कळदा दासबोधाची असते. वर्षातून एकदा, दासनवमीच्या सुमारास, तिचे फडके सुटते, तिला हळदकुंकू वाहतात, पारायण होते आणि पुन्हा गाठ बसते ती पुढच्या वर्षापर्यंत. त्या गाठीविषयी मला आज चार शब्द सांगावयाचे आहेत, आणि तेही त्या पोथीच्याच साक्षीने.

हा ग्रंथ रचणारा पुरुष आपल्या जालना जिल्ह्यातला. घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. लोक त्याला जांब समर्थ म्हणतात. जिल्हा तसा अलीकडचा, १ मे १९८१ रोजी वेगळा झालेला. त्यापूर्वी हे गाव औरंगाबाद जिल्ह्यात होते. येथे शके १५३०, म्हणजे सन १६०८ मध्ये, रामनवमीच्या दिवशी सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला. तोच पुढे समर्थ रामदास झाला. थोरले बंधू गंगाधर, ज्यांना श्रेष्ठ म्हणत, तेही ग्रंथकर्तेच होते.

घराणे कुलकर्ण्यांचे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवा. कुलकर्णी म्हणजे गावचा लिहिणारा. कोणाची जमीन किती, कोणाकडे बाकी किती, कोण वेळेवर देतो आणि कोण सबबी सांगतो, हे सारे त्याच्या दप्तरात. माणसे ओळखणे आणि त्यांची नोंद ठेवणे हा त्या घरचा धंदाच होता. नारायण लहानपणीच घराबाहेर पडला, पण घरची ती सवय मात्र त्याने बरोबर नेली असावी, असे दासबोध वाचताना वाटते.

परंपरा सांगते की तो नाशिकजवळ टाकळीस बारा वर्षे राहिला आणि पुढे बारा वर्षे देशभर हिंडला. काळ कसा होता? १६३० साली दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. १६३६ साली अहमदनगरची निजामशाही बुडाली. गावे ओस पडली, माणसे देशोधडीला लागली. संकटात माणसाचा मुखवटा गळून पडतो आणि त्याचा खरा स्वभाव उघडा होतो. तो रामदासांनी पायी हिंडून पाहिला. मग ते कृष्णाकाठी आले आणि १६४८ साली चाफळला त्यांनी राममंदिर उभारले.

आता ग्रंथाकडे वळू. दासबोधाचे वीस दशक, दर दशकात दहा समास, म्हणजे एकूण दोनशे समास आणि ७,७५१ ओव्या. हे सारे एका बैठकीत झालेले नाही. आधी एकवीस समासांचा जुना दासबोध होता; आजचा मोठा ग्रंथ त्यानंतरचा. सहाव्या दशकात कलियुगाची ४७६० वर्षे झाल्याचा उल्लेख येतो; हिशेब केला तर तो सन १६५९ च्या सुमाराचा निघतो. शके १६०३ मध्ये, म्हणजे १६८२ च्या आरंभी, सज्जनगडावर समर्थांचा देह पडला.

दासबोध हा भक्तिमार्गाचा ग्रंथ, यात शंका नाही. पण मौज अशी की, पहिल्या दशकात देवाची, गुरूची, संतांची स्तवने आटोपली आणि दुसरा दशक उघडला, की समोर उभा राहतो तो मूर्ख! ब्रह्मज्ञानाची वाट ग्रंथकाराने मूर्खाच्या दारावरून नेली आहे. असे का बरे?

ती यादी जरा बघा तरी. कारण नसताना हसणारा. स्वतःची स्तुती स्वतःच करणारा. दोघे बोलत असले की तिसरा जाऊन मध्ये बसणारा. घरात बसून शहाणपण सांगणारा, पण सभेत चार शब्द बोलायची वेळ आली की गोंधळणारा. आपल्या माणसांना दूर लोटून परक्यांशी मैत्री करणारा. दुसऱ्याच्या आशेवर राहून स्वतःचे प्रयत्न सोडणारा. अहो, यातला एखादा तरी आपल्या गल्लीत नाही काय? आणि गल्ली कशाला, खरे सांगा, सकाळी दाढी करताना आरशात दिसतो तो यातला नाही काय?

माणसांचे असे नमुने टिपण्याची हौस जगात पुष्कळांना होती. ग्रीस देशात अॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात स्वभावचित्रांचे एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात बडबड्या, खुशामत्या, कंजूष, भित्रा अशी तीस माणसे आहेत. त्याचे फ्रेंच भाषांतर करून ला ब्रुयेर या लेखकाने त्याला आपल्या काळच्या माणसांची चित्रे जोडली. ते पुस्तक १६८८ साली पॅरिसला निघाले, म्हणजे समर्थांच्या निधनानंतर अवघ्या सहा वर्षांनी. त्यांना यांची वार्ता नाही, यांना त्यांची नाही. आणि तरी एकाच शतकात फ्रान्सच्या दिवाणखान्यात आणि सह्याद्रीच्या घळीत दोन माणसे माणसांच्याच स्वभावाची मोजदाद करीत बसली होती!

पण दोघांत एक मोठा भेद आहे. ग्रीक आणि फ्रेंच लेखक आपल्याला दुसरी माणसे दाखवतात. आपण ती पाहून हसतो आणि पान उलटतो. रामदास स्पष्ट सांगतात की ही लक्षणे टाकून देण्यासाठी सांगितली आहेत. टाकायची कोणी? ऐकणाऱ्याने. म्हणून मूर्खलक्षणांच्या पाठोपाठ लगेच उत्तम लक्षणांचा समास येतो. मग रज, तम आणि सत्त्व या तीन गुणांची लक्षणे येतात. एकाच माणसात हे तिन्ही गुण कसे कमीजास्त होतात, हे जाणणे म्हणजे आजच्या शब्दांत मानसशास्त्रच की! आणि दशक संपता संपता येतो पढतमूर्ख. पुष्कळ वाचलेला, दुसऱ्यांना ज्ञान सांगणारा, पण त्यातले स्वतः काहीच न करणारा. आधीच्या नऊ समासांना माना डोलावणाऱ्या विद्वान श्रोत्याची शेंडी दहाव्या समासात अशी हाती सापडते.

तिसऱ्या दशकाचे नाव स्वगुणपरीक्षा. हे नावच किती बोलके आहे! यात लक्षणांची यादी संपते आणि एका सामान्य माणसाची जन्मापासूनची गोष्ट सुरू होते. आईवाचून क्षणभर न राहणारे पोर मोठे होते, लग्न होते, ओढ आईकडून बायकोकडे वळते. घर मुलांनी भरते आणि पैसा संपतो. गृहस्थ मिळवायला परमुलखी जातो. म्हातारपण येते तेव्हा ज्यांच्यासाठी एवढी धावाधाव केली, त्यांनाच तो जड होतो. या माणसाला ग्रंथात नाव नाही. नाव नाही म्हणूनच तेथे ज्याने त्याने आपले घालावे. कादंबरी हा प्रकार मराठीत एकोणिसाव्या शतकात आला. पण एका संसारी जीवाच्या मनाचा प्रवास त्याआधी दोनशे वर्षे ओवीत सांगितला गेला होता.

लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनाही या ग्रंथाने मोकळे सोडलेले नाही. चौदाव्या दशकात कवितेचे तीन प्रकार सांगितले आहेत: धीट, पाठ आणि प्रासादिक. मनात येईल ते धिटाईने बांधून टाकणारी ती धीट. पुष्कळ ग्रंथ वाचून त्यांच्यासारखेच जुळवणारी ती पाठ. आणि आतल्या अनुभवातून, निष्ठेतून सहज येते ती प्रासादिक. म्हणजे कवितेची परीक्षा शेवटी कवीच्या स्वभावाशी जाऊन पोचली. अठराव्या दशकात अवलक्षणी श्रोताही भेटतो, ज्याचा देह कथेला बसलेला असतो आणि मन भलतीकडे हिंडत असते. आकाशवाणीवर भाषणे करणाऱ्यांना त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

आणि एकोणिसाव्या दशकाचा आरंभ कशाने होतो? अक्षर कसे काढावे याने! अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे. ग्रंथाच्या आरंभी जसे, तसेच शेवटी असावे, जणू एकाच टाकाने लिहिले. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी तेच आपल्याला वाचता येत नाही. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. येथे जांबच्या कुलकर्ण्याच्या घरातला मुलगा बोलतो आहे, असे मला नेहमी वाटते. आरंभी नीट आणि पुढे गिचमीड, हा काही केवळ अक्षराचा दोष नव्हे. तो स्वभावाचाही दोष आहे. भाषाही तशीच, घरगुती आणि रोखठोक. दरबारातून रुळलेले फार्सी शब्द आले तर त्यांनाही ना नाही.

आता एक गोष्ट झाकून ठेवता कामा नये. हा ग्रंथ सतराव्या शतकातला आहे. त्यातली जातींच्या उच्चनीचतेविषयीची आणि स्त्रियांविषयीची काही वचने आज मान्य होण्याजोगी नाहीत. अक्षर सुंदर काढावे हा उपदेशसुद्धा तेथे ब्राह्मणाला उद्देशून आहे, कारण लेखणी तेव्हा फार थोड्या हातांत होती. आज ती घराघरांतल्या मुलामुलींच्या हाती आहे. म्हणून हा ग्रंथ डोळे मिटून मानू नये आणि न वाचता झिडकारूही नये. नीरक्षीर निवडावे. ग्रंथ मुळापासून न पाहता उगाच त्याला नावे ठेवणारा हेही पढतमूर्खाचे एक लक्षण त्याने सांगूनच ठेवले आहे; आणि मला वाटते, न वाचता डोक्यावर घेणाऱ्यालाही त्याच बाकावर बसवावे.

आता त्या गाठीकडे परत येतो. समर्थांचे पट्टशिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची दासबोधाची प्रत धाराशिव जिल्ह्यातल्या डोमगावच्या मठात होती. मठात तिची भक्तिभावाने पूजा होई. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी जुन्या मठांतून हिंडून रामदासी कागद आणि बाडे गोळा करण्यात आयुष्य घातले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी त्या डोमगावच्या प्रतीवरून दासबोध छापून काढला, आणि शुद्ध पाठ महाराष्ट्राच्या हाती आला. पूजा केल्याने पोथी टिकली, हे खरे. पण गाठ सोडली तेव्हाच ती बोलू लागली.

आणि म्हणून शेवटी त्या मूर्खांच्या यादीतल्या दोन माणसांची ओळख करून देतो. मुद्दाम मागे ठेवली होती. एक म्हणजे अक्षरे गाळून किंवा पदरची घालून वाचणारा आणि पुस्तकाची निगा न राखणारा. दुसरा, स्वतः कधी वाचत नाही, दुसऱ्या कोणाला वाचू देत नाही आणि ग्रंथ नुसता बांधून ठेवतो. होय, हे त्याच दासबोधात आहे. माळ्यावरच्या त्या लाल फडक्याच्या आत, तीनशेहून अधिक वर्षे, आपल्याच गाठीविषयीची ही तक्रार पडून आहे.

तेव्हा वाचकहो, पोथी खाली काढा. पारायणाच्या घाईने वाचू नका. रोज एक समास पुरे. दुसऱ्या दशकापासून आरंभ केलात तरी चालेल. सोबत घरातल्या एखाद्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला घेऊन बसा. एखाद्या ओवीला दोघे मिळून हसाल. आणि हसता हसता मध्येच एकजण गप्प होईल. तेथे बोट ठेवून थोडे थांबा. ती ओवी त्याचीच आहे.