शेरघाटी ते जेझेरो : एका दगडी कुळाचा मागोवा

२५ ऑगस्ट १८६५ रोजी सकाळी बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटी इथे आकाशातून सुमारे पाच किलोचा एक दगड पडला. त्याचे तुकडे पुढे परदेशी संग्रहालयांत पोचले. त्यांतल्या एकाचा अभ्यास करताना व्हिएन्नाच्या गुस्ताव चेर्माक यांना १८७२ साली एक नवलाची गोष्ट दिसली. दगडातल्या फेल्डस्पार खनिजाच्या स्फटिकांचा आकार जसाच्या तसा होता, पण आतून ते काच झाले होते. ब्रिटिश म्युझियममधले खनिजतज्ज्ञ नेव्हिल स्टोरी-मॅस्केलिन यांच्यावरून चेर्माक यांनी या काचेला मॅस्केलिनाइट हे नाव दिले.

अशी काच प्रचंड आघाताने तयार होते, हे कळायला बराच काळ जावा लागला. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला अशनी कोसळला तेव्हा तिथल्या बेसाल्टमध्येही ती तयार झाली. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या लोणारच्या अभ्यासात तिची नोंद आहे. म्हणजे शेरघाटीच्या दगडानेही कुठेतरी असा जबर तडाखा सोसला होता. कुठे, हे शंभर वर्षांहून अधिक काळ कुणाला सांगता आले नाही.

मंगळावर जीवसृष्टी होती का, हा प्रश्न निघाला की आपल्याला दुर्बिणी आठवतात, याने आठवतात. मला मात्र या प्रश्नाचा सर्वांत बोधप्रद इतिहास शेरघाटीच्या दगडात आणि त्याच्या भाऊबंदांत दिसतो. १८१५ मध्ये फ्रान्समधल्या शासिन्यी गावी आणि १९११ मध्ये इजिप्तमधल्या नाखला इथे पडलेले दगड याच कुळातले. यांपैकी नाखलाच्या दगडाचे वय निघाले सुमारे १३० कोटी वर्षे. बहुतेक अशनी ४५० कोटी वर्षांचे असतात, कारण ते ज्या लघुग्रहांचे तुकडे असतात ते सूर्यमालेच्या सुरुवातीलाच थंड होऊन गेले. १३० कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहत असेल असे ठिकाण म्हणजे एखादा मोठा ग्रह. संशय मंगळावर गेला.

त्यावर आक्षेपही तितकाच वजनदार होता. मंगळाच्या गुरुत्वाकर्षणातून सुटायला दगडाला सेकंदाला पाच किलोमीटर वेग हवा. एवढ्या वेगाने उडालेला दगड वितळून जाणार नाही का? शिवाय चंद्र जवळ आहे, त्याचे आकर्षणही कमी. मग चंद्रावरून आलेला एकही दगड कसा सापडलेला नाही? याचे उत्तर अंटार्क्टिकाने दिले. तिथले बर्फ सावकाश सरकत जाऊन डोंगरांपाशी अडते, वाऱ्याने झिजते आणि त्यात हजारो वर्षे साठलेले अशनी उघडे पडतात. १९६९ साली जपानी तुकडीला यामातो पर्वतांपाशी एका ठिकाणी नऊ अशनी मिळाले, तेव्हा ही खाण प्रथम लक्षात आली. अमेरिकेचे विल्यम कॅसिडी यांनी १९७६ पासून तिथे शोधमोहिमा सुरू केल्या. १९८२ च्या जानेवारीत तिथेच चंद्राचा म्हणून ओळखला गेलेला पहिला अशनी सापडला आणि आक्षेपाचा एक पाय लंगडा झाला.

पुढच्याच वर्षी निकाल लागला. अंटार्क्टिकातल्याच एलिफंट मोरेन इथे १९७९-८० च्या हंगामात मिळालेल्या, शेरघाटीच्याच जातीच्या एका दगडातली काच डोनाल्ड बोगार्ड आणि प्रॅट जॉन्सन यांनी तापवली व तिच्यात अडकलेला वायू मोजला. १९७६ साली व्हायकिंग यानांनी मंगळावर उतरून तिथल्या हवेची मोजणी केलेली होती. दोन्ही मोजमापे जुळली. ज्या आघाताने दगड उडवला, त्यानेच काच घडवली आणि मंगळाची चिमूटभर हवा त्या काचेत कोंडली.

हा पुरावा इतका पक्का का, ते नीट पाहायला हवे. तुलनेसाठी मंगळावर जाऊन केलेली मोजणी हातात होती आणि त्या मिश्रणाचा वायू दुसऱ्या कुठून येण्याची शक्यता उरली नव्हती. पुढच्या वादात नेमके हेच मिळाले नाही.

२७ डिसेंबर १९८४ रोजी अंटार्क्टिकातल्या ॲलन हिल्स भागात रॉबर्टा स्कोअर यांना निळ्या बर्फावर एक दगड दिसला. वजन १.९३ किलो. तो त्यांना चमत्कारिक हिरवट वाटला. इतर दगडांपेक्षा वेगळा म्हणून ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत तो त्या हंगामातला पहिला तपासला गेला आणि त्याचे नाव पडले एएलएच ८४००१. वर्गीकरण मात्र चुकले. लघुग्रहांवरून येणाऱ्या डायोजेनाइट या साध्या जातीत त्याची नोंद झाली आणि तो कपाटात गेला. १९९३ साली डेव्हिड मिटलफेल्ट डायोजेनाइटांचाच अभ्यास करत होते. हा तुकडा त्या जातीत बसत नाही हे त्यांच्या ध्यानात आले. ऑक्सिजनच्या समस्थानिकांनीही साक्ष दिली : दगड मंगळाचा होता.

आणि केवढा जुना! आजच्या मोजणीनुसार त्याचे वय सुमारे ४१० कोटी वर्षे. त्याच्या भेगांतून पाणी झिरपले आणि कार्बोनेटच्या नारिंगी गोळ्या जमल्या त्या सुमारे ३९० कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे मंगळ ओला होता त्या काळात. सुमारे १ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो एका आघाताने अवकाशात उडाला आणि १३,००० वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर पडला.

७ ऑगस्ट १९९६ रोजी नासाच्या पत्रकार परिषदेत डेव्हिड मॅके, एव्हरेट गिब्सन, कॅथी थॉमस-केपर्टा, रिचर्ड झेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले की या दगडात मंगळावरच्या प्राचीन सूक्ष्मजीवांच्या खुणा असाव्यात. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर येऊन निवेदन केले. पुरावे चार. पाण्यातून जमलेल्या कार्बोनेटच्या गोळ्या. त्यांच्याजवळ सापडलेली सेंद्रिय संयुगे. पृथ्वीवरचे काही जिवाणू पोटात बनवतात तसे मॅग्नेटाइटचे अतिसूक्ष्म स्फटिक. आणि अळीसारखे दिसणारे, वीस ते शंभर नॅनोमीटरच्या घरातले आकार. यांतला एकेक पुरावा सुटा घेतला तर निर्णायक नाही, हे त्या गटाने स्वतःच म्हटले होते. चारही एकाच जागी मिळतात, म्हणून जीव हाच सरळ अर्थ, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या आकारांच्या छायाचित्रातली ‘अळी’ जगभरच्या वर्तमानपत्रांत छापली गेली आणि वादात सर्वांत आधी कोसळली तीच. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९९८ साली परिषद भरवून जीवाला किमान किती जागा लागते याचा हिशेब केला. जनुके, प्रथिने आणि ती बनवणारी यंत्रणा मावायची तर पेशी २०० नॅनोमीटरच्या आसपास हवी. दगडातले आकार फारच लहान ठरले. त्याच वर्षी जेफ्री बाडा यांच्या गटाने दाखवले की दगडातली ॲमिनो आम्ले अंटार्क्टिकाच्या बर्फातून आत शिरली असावीत. तेरा हजार वर्षे पृथ्वीवर पडून राहिलेला दगड निष्कलंक कसा राहील?

सर्वांत चिवट लढत मॅग्नेटाइटवर झाली. थॉमस-केपर्टा यांनी दाखवले की त्यांतले सुमारे पाव स्फटिक चुंबकीय जिवाणूंच्या स्फटिकांशी आकाराने व शुद्धतेने जुळतात. उलट बाजूने ह्यूस्टनच्याच दुसऱ्या गटाने लोहयुक्त कार्बोनेट तापवून तसे स्फटिक जिवाविना बनवून दाखवले. या दुसऱ्या गटात गॉर्डन मॅके होते, डेव्हिड मॅके यांचे सख्खे भाऊ. एकाच संस्थेत काम करणारे दोन भाऊ एका दगडावरून समोरासमोर उभे राहिले. ज्याला जे पुराव्यात दिसले ते त्याने मांडले, याबद्दल मला दोघांविषयी आदर वाटतो. डेव्हिड मॅके २०१३ साली वारले, तोवर त्यांनी आपला दावा सोडला नव्हता.

कार्बोनेटबाबत मात्र मॅके यांच्या बाजूची एक गोष्ट टिकली. या गोळ्या ६५० अंशांहून जास्त तापमानात बनल्या, म्हणजे तिथे जीव शक्यच नाही, असे विरोधकांनी १९९६ मध्येच म्हटले होते. २०११ साली समस्थानिकांच्या मोजणीतून तापमान निघाले अवघे १८ अंशांच्या आसपास. म्हणजे पाणी होते आणि ते सोसवेल असे होते. २०२२ मध्ये अँड्र्यू स्टील यांच्या गटाने सेंद्रिय संयुगांचाही उलगडा केला : खडक आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियांतून ती मंगळावरच तयार झाली, जिवाविना.

म्हणून माझे मत असे : या दगडात जीव सिद्ध झाला नाही, आणि आता या दगडातून तो सिद्ध होण्याची आशाही ठेवू नये. पण निर्जीव रसायन काय काय घडवू शकते, हे तपासायची सक्ती त्याने सगळ्यांवर केली. २०२१ साली नासाच्या शास्त्रज्ञांनी जीवाच्या दाव्यांसाठी सात पायऱ्यांची कसोटी सुचवली, तिच्यातही भेसळ नाही ना आणि निर्जीव कारण उरते का, हे प्रश्न आधीच्या पायऱ्यांवर आहेत.

त्याच वर्षी, १८ फेब्रुवारीला, नासाची पर्सिव्हिअरन्स गाडी मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरली. तिच्यावरच्या एका उपकरणाची जुळणी तपासायला ओमानमध्ये सापडलेल्या मंगळाच्याच अशनीचा एक काप बसवलेला आहे. शेरघाटीच्या कुळातला एक तुकडा असा माघारी गेला. जुलै २०२४ मध्ये या गाडीला जुन्या नदीपात्रातल्या चेयावा फॉल्स नावाच्या खडकावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके दिसले. त्यांच्यात व्हिव्हिआनाइट आणि ग्रेगाइट ही खनिजे असावीत, असे मोजमापांवरून दिसते. पृथ्वीवर ती अनेकदा सूक्ष्मजीवांच्या उद्योगातून तयार होतात. जिवाविनाही होऊ शकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या शोधनिबंधाने म्हणूनच ‘संभाव्य’ खूण एवढेच म्हटले.

आजवर मिळालेल्या एकाही मंगळी अशनीची तिथली नेमकी जागा आपण खात्रीने सांगू शकत नाही. चेयावा फॉल्सच्या नमुन्याची ती माहीत आहे : कोणते विवर, कोणते पात्र, कोणता थर. त्याला पृथ्वीच्या पाण्याचा स्पर्श झालेला नाही. हा वाद पुढे नेऊ शकेल असा दगड माणसाच्या हाती आलेला आहे, पण तो मंगळावरच बंद नळीत, गाडीच्या पोटात आहे. नमुने परत आणण्याची मूळ योजना २०२४ मध्ये ११ अब्ज डॉलर खर्चाच्या आणि २०४० सालच्या अंदाजापाशी अडखळली. चीन आपल्या थ्येनवेन-३ मोहिमेतून वेगळ्या ठिकाणचे नमुने आणायच्या तयारीत आहे. कोणीही आणोत, पण जेझेरोची ती नळी तिथे पडून राहू देणे परवडणारे नाही. ती आणायलाच हवी.