गावात आग लागली तर बंब कुठून येतो? स्वयंसेवी अग्निशमन दल म्हणजे काय?

उन्हाळ्यात सिंधुदुर्गातल्या एखाद्या काजूच्या बागेत वणवा शिरला की आधी धावतात ते शेजारी. बंब येतो, पण शहरातून. तोवर आग थांबत नाही. जगात अनेक ठिकाणी या शेजाऱ्यांनाच प्रशिक्षण देऊन दल उभं केलं जातं. त्यालाच स्वयंसेवी अग्निशमन दल म्हणतात.

गावात बंब का नसतो?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी बारावी अनुसूची आली. तिच्यातल्या १८ विषयांत अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, पण त्यात अग्निशमन नाही.

सिंधुदुर्गात मालवण, वेंगुर्ले आणि सावंतवाडी या तीन नगरपरिषदा आहेत. कणकवली, कुडाळ, देवगड-जामसंडे, वाभवे-वैभववाडी आणि कसई-दोडामार्ग या नगरपंचायती. पण २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या ८,४९,६५१ लोकसंख्येपैकी सुमारे ८७ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. त्यातून बाग असते गडग्यांमधल्या अरुंद पाणंदीच्या टोकाला, जिथे मोठी गाडी शिरत नाही.

नुकसान किती मोठं?

भाजावळीची ठिणगी, विडीचं थोटूक किंवा वाऱ्याने एकमेकांना घासलेल्या वीजतारा, सुकलेल्या गवताला एवढं पुरतं. काजूचं कलम भरघोस उत्पन्न द्यायला सात-आठ वर्षं घेतं. ते एका दुपारी जळतं.

ही कल्पना आली कुठून?

१७३६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत फिलाडेल्फियात 'युनियन फायर कंपनी' हे स्वयंसेवी दल काढलं. आज जर्मनीत सुमारे दहा लाख लोक अशा दलांत आहेत. चिलीत तर अग्निशमनाचं काम स्वयंसेवकच करतात.

आपल्याकडे काय सोय आहे?

होमगार्डची सुरुवात मुंबईत ६ डिसेंबर १९४६ रोजी झाली. १९६८ च्या कायद्याखाली नागरी संरक्षण दल आहे, त्याच्या स्वयंसेवकांना आग विझवण्याचंही प्रशिक्षण मिळतं. मे २०२५ च्या देशव्यापी मॉक ड्रिलच्या यादीत सिंधुदुर्ग होता. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ७९ नुसार राखीव किंवा संरक्षित वनात हक्क असलेल्यांनी तिथला वणवा विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. पण वनाच्या आसपास नसलेल्या खासगी बागेतल्या आगीला हे कलम लागू होत नाही.

गावात दल उभं करायचं तर?

• माणसं: प्रत्येक वाडीतून दिवसा गावात असणाऱ्यांची यादी करावी. मुंबईला कामाला असलेल्यांची नावं घालून उपयोग नाही.
• जाळरेषा: उन्हाळ्याआधी बागेभोवतीचं गवत काढून मोकळा पट्टा ठेवावा.
• पाणी: आंब्याच्या फवारणीचा पंप, लांब पाइप आणि दोनशे लिटरचं पिंप बागायतदारांकडे असतंच. तेच पहिला बंब ठरू शकतं, मात्र औषधाचं पिंप आधी नीट धुतलेलं हवं. कोणत्या विहिरीला मेपर्यंत पाणी असतं, तेही लिहून ठेवावं.
• सुरक्षा: वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तारांजवळ पाणी मारू नये. आग चढावर वेगाने पसरते, म्हणून तिच्या वरच्या बाजूला किंवा वाऱ्याच्या दिशेला उभं राहू नये.
• प्रशिक्षण आणि विमा: सराव नगरपरिषदेच्या अग्निशमन कर्मचाऱ्यांकडून करून घ्यावा. विम्याशिवाय कुणालाही आगीत पाठवू नये.

दल असलं तरी पहिला फोन १०१ किंवा ११२ ला करायचा. जंगलातल्या वणव्यासाठी वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. गाडी येईपर्यंतची वेळ सांभाळणं, एवढंच गावच्या दलाचं काम.