उद्योगपुरुषाची जडणघडण : लक्ष्मणराव किर्लोस्कर

मोठ्या माणसांची चरित्रं वाचताना आपली एक चूक होते. शेवट ठाऊक असतो, म्हणून सुरुवातही तेजस्वीच असणार असं आपण धरून चालतो. मग पाळण्यातले पाय दिसू लागतात. लहानपणी हा मुलगा असा होता, तसा होता, म्हणून पुढे कारखानदार झाला, असं आपण सांगतो. पण त्या मुलाच्या घरच्या माणसांना त्या वेळी काय दिसत होतं, हे विचारायचं मात्र राहून जातं. आज लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बाबतीत हाच प्रश्न मी विचारणार आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. तेव्हा हा मुलूख मुंबई इलाख्यात होता. आज तो कर्नाटकात आहे. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या, चर्चा, आलेगेले विद्वान. अशा घरातल्या मुलानं काय करावं, हे न सांगताच ठरलेलं असे. शिकावं, परीक्षा द्याव्यात, आणि जमलं तर सरकारी नोकरी धरावी.

पण धाकट्या लक्ष्मणाचं शाळेत मन लागेना. त्याला दोनच गोष्टींचा नाद. एक चित्रं काढण्याचा आणि दुसरा यंत्रांचा. आता विचार करा. वेदान्ती बापाच्या मुलानं अभ्यासात मागं राहावं आणि रंगाच्या वाट्या किंवा लोखंडी सामान घेऊन बसावं, हे त्या काळी घराण्याला शोभणारं नव्हतं. हातानं काम करायचं ते सुतारानं, लोहारानं. पांढरपेशानं फार तर हिशेब लिहावा. पाळण्यातले पाय वगैरे त्या वेळी कुणाला दिसत असतील असं मला वाटत नाही. दिसत असेल ती काळजीच.

एक माणूस मात्र त्या मुलाच्या पाठीशी उभा राहिला. थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे घरातले रामूअण्णा. वडिलांचा विरोध असतानाही त्यांनी पैशाची मदत केली आणि १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. ही मदत लहानशी वाटेल, पण पुढच्या साऱ्या इमारतीखालचा पहिला दगड हाच. हुशारी मुलाजवळ असते. पण गाडीभाडं आणि महिन्याचा खर्च कुणीतरी दुसऱ्यानंच द्यावा लागतो.

मुंबईत दोन वर्षं गेली आणि एक वेगळंच संकट पुढं आलं. लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना काही रंगांमधला भेद नीट कळत नव्हता. याला रंगांधत्व म्हणतात. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. त्यांत जन्मतःच काही उणीव राहिली, की बहुधा लाल आणि हिरव्या छटा एकसारख्या दिसू लागतात. हा दोष मुलींपेक्षा मुलांमध्ये फार अधिक आढळतो आणि बहुधा आईकडून मुलाकडे येतो, जरी आईला स्वतःला तो नसला तरी. त्याचा बुद्धीशी काही संबंध नाही. पण ज्यानं चित्रकार व्हायचं ठरवलं, त्याला हे कळणं म्हणजे गवयाला एखादा सूर ऐकूच येत नाही असं कळण्यासारखं.

तेव्हा त्या मुलाच्या खात्यावर काय जमा होतं ते पाहा. शाळा साधली नाही. वडिलांचं मन दुखावलं. भावाचे पैसे खर्ची पडले. आणि ज्यासाठी हे सारं केलं, ती चित्रकला निसर्गानंच हिरावून घेतली. गावी परत जायला एवढी कारणं कुणालाही पुरली असती.

लक्ष्मणराव परतले नाहीत. त्यांनी आपल्या शिक्षणाचे दोन भाग केले. रंग गेले, पण रेषा शिल्लक होती. यंत्राचं चित्र काढताना रंग लागत नाही. माप लागतं, नेमका हात लागतो, आणि समोरची वस्तू आतून कशी असेल हे डोळ्यांपुढं उभं करता यावं लागतं. त्यांनी यांत्रिक चित्रकलेचा अभ्यास चालू ठेवला, आणि त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक शिक्षणसंस्थेत हा विषय शिकवण्याची नोकरी त्यांना मिळाली.

इथं त्यांचं खरं शिक्षण झालं. तास संपला की ते संस्थेच्या कर्मशाळेत जात. तिथली यंत्रं कशी चालतात, कुठला भाग कुठल्या भागाला फिरवतो, हे पाहत आणि स्वतः हात घालून शिकत. शिकवायला नेमलेला माणूस मोकळ्या वेळात विद्यार्थी होऊन बसला. कागदावरची रेषा आणि प्रत्यक्षातलं लोखंड यांची गाठ त्यांच्या मनात इथं पडली.

याच सुमारास मुंबईच्या रस्त्यावर सायकली दिसू लागल्या होत्या. बघ्यांची गर्दी जमे, लोक आश्चर्य करत आणि घरी जात. लक्ष्मणरावांनी तो व्यवहार म्हणून पाहिला. १८८८ साली, वय अवघं एकोणीस असताना, त्यांनी आणि रामूअण्णांनी बेळगावात सायकलींचं दुकान घातलं. पाटी लावली 'किर्लोस्कर ब्रदर्स'. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडायच्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, अशी वाटणी होती. एकेक सायकल सातशे ते हजार रुपयांना जाई म्हणतात, आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे. त्या काळी ही रक्कम म्हणजे थट्टा नव्हे. गिऱ्हाईक अर्थातच साहेबलोक आणि श्रीमंत मंडळी. वस्तू विकायची आणि ती वापरायचं शिक्षणही द्यायचं, हा धडा इथं मिळाला. तो पुढं फार कामाला आला.

नोकरीत मात्र ठेच लागली. बढतीची वेळ आली तेव्हा ती लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली. त्या काळात अशा गोष्टी नित्याच्या होत्या, आणि बहुतेक माणसं खाली मान घालून पुढच्या वर्षाची वाट पाहत. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. अपमानानं माणूस मोठा होतो असं मला म्हणायचं नाही. पुष्कळ माणसं अपमानानं मोडतात. पण लक्ष्मणरावांपाशी त्या वेळी परतायला एक दुकान होतं, वाट पाहणारा भाऊ होता आणि हातात कसब होतं. म्हणून त्यांना स्वाभिमान परवडला.

बेळगावात सायकलींच्या जोडीला लहानसा कारखाना निघाला. पहिली वस्तू केली ती कडबा कापण्याचं यंत्र. हा निवड करण्याचा मार्ग लक्षात घेण्याजोगा आहे. सायकल श्रीमंताची, पण कडबा घरोघरचा. आखा कडबा टाकला तर जनावर पाला खातं आणि बुडखे तुडवून वाया घालवतं. बारीक कापून टाकला तर तोच चारा अधिक दिवस पुरतो. लक्ष्मणरावांनी आपल्या भोवतालच्या माणसाची रोजची अडचण हेरली.

नंतर आला लोखंडी नांगर. आपला जुना लाकडी नांगर जमीन फोडतो, पण माती नीट उलथत नाही. हरळी आणि कुंदा यांची मुळं खोल जातात. वरवरच्या नांगरटीनं ती मरत नाहीत. लोखंडी नांगराचा बाकदार पत्रा मातीचं ढेकूळ उचलून पालथं घालतो, मुळं उन्हाला येतात आणि वाळतात. पण शेतकरी तो घेईना. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी समजूत होती. पहिले नांगर विकायला जवळजवळ दोन वर्षं गेली.

आज आपण त्या समजुतीला हसतो. हसू नये. ज्याचं सारं पोट एका हंगामावर, त्यानं नवी वस्तू सावधपणेच घ्यावी. शिवाय लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देई. लोखंडी नांगर मोडला तर कुणाकडं जायचं, हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही, आणि नांगर करणंही सोडलं नाही. दोन वर्षं विक्रीवाचून टिकून राहण्याचं बळ त्यांच्यात कुठून आलं? माझ्या मते ते मुंबईतल्या त्या दोन वर्षांतून आलं. एकदा आवडीची वाट बंद झालेली ज्यानं पाहिली आहे आणि तिच्याच शेजारून दुसरी काढली आहे, तो मिळालेल्या नकाराला शेवट समजत नाही.

यानंतर बेळगावातली जागाही सोडावी लागली; नगरपालिकेला ती वस्ती वाढवण्यासाठी हवी होती. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. हे राजे स्वतः चित्रकार होते, हा एक सुरेख योग. त्यांनी कर्ज दिलं आणि कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर माळजमीन दिली. जमीन कसली, निवडुंगाचं रान आणि नागांचं माहेर! १९१० च्या मार्चमध्ये पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणराव तिथं उतरले. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

या वाडीत त्यांनी गोळा केलेली माणसं पाहिली म्हणजे त्यांच्या तरुणपणाची खूण पटते. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले. ते इथं कल्पक यंत्रज्ञ झाले. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्या दोघा माणसांना लक्ष्मणरावांनी वस्तीच्या पहाऱ्यावर नेमलं, आणि त्यांनी तो विश्वास राखला. शाळेनं टाकलेला मुलगा, समाजानं टाकलेला माणूस, नांगरानं टाकलेली जमीन, यांपैकी कशालाही लक्ष्मणराव सहजासहजी निकामी ठरवत नसत. आपल्यालाही एकदा असंच निकामी ठरवलं गेलं होतं, याची आठवण त्यांना असली पाहिजे.

पुढचा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्सची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. तिचंच पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि खेड्यापाड्यांतल्या घरांत पोचलं. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षणसंस्थेत शिकून आले. पंप झाले, हरिहरला यंत्रं घडवणारी यंत्रं झाली, १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला तेलइंजिनांचा कारखाना निघाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. त्याआधी हे सारं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. तुमच्या वर्गात एखादा मुलगा पाठांतरात मागं असेल, पण फळ्याचं मोडलेलं बिजागर त्यालाच बसवता येत असेल. एखादा झाडाची पानं तपकिरी रंगवत असेल आणि बाकीची मुलं त्याला हसत असतील. त्याला वेंधळा म्हणण्याआधी दोन रंगीत खडू त्याच्यापुढं धरा आणि हळूच विचारा, यातला हिरवा कोणता? कदाचित डोळ्यांचीच अडचण निघेल. ती बरी करता येत नाही, पण वेळेवर कळली तर मुलाला कुठली वाट अवघड आणि कुठली मोकळी, हे सांगता येतं.

असे सगळे कारखानदार होणार नाहीत. व्हायलाच हवेत असंही नाही. पण लक्ष्मणरावांच्या आयुष्यातून रामूअण्णा वजा करून पाहा. सोळा वर्षांचा तो मुलगा गुर्लहोसूरलाच राहिला असता, आणि त्याचं नाव आज आपल्याला ठाऊक नसतं. किती गावांत असे लक्ष्मण राहून गेले असतील, याची नोंद कुठंच नाही. आपल्या हाती आहे ते एवढंच, की आपल्या गावापुरतं, आपल्या वर्गापुरतं, कुणाचं तरी रामूअण्णा व्हावं.