वही, तार आणि टॉवर



गटाच्या बैठकीत आम्ही बसलो की पहिली दहा मिनिटं यंत्रांच्या तक्रारींत जातात. एकीचा अंगठा लागत नाही, कारण वर्षानुवर्षं मासळी साफ करून बोटांच्या रेघाच झिजल्यात. दुसरीचा ओटीपी मुलाच्या मोबाइलवर जातो आणि मुलगा पनवेलला कामावर. तिसरीला ई-केवायसीत नवऱ्याचा आधार नंबर विचारतात. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, हे त्या मशीनला कोण सांगणार? बचत, कर्ज, परतफेड हे विषय त्यानंतर निघतात. तेव्हा आम्ही ठरवलं की एक बोलणं याच कटकटीवर करायचं, पण जरा मागे जाऊन. आपल्या किनाऱ्यावर यंत्रं आली कशी, त्यांनी कोणाचं काय केलं, आणि ती बंद पडली तेव्हा कोणाचं काय झालं, ते बघू.

सुरुवात अलिबागपासून. 'अलिबागहून आलायस का?' हा टोमणा मुंबईत आपण सगळ्यांनीच ऐकलाय. त्याविरुद्ध २०१९ साली एका अलिबागकराने मुंबई उच्च न्यायालयात याचिकासुद्धा केली होती. विनोद मनाला लावून घेऊ नका, अशा अर्थाचं सांगून न्यायालयाने ती फेटाळली. आम्हाला मात्र या टोमण्याला एक उत्तर सापडलंय, ते पुढच्या वेळी द्या. मुंबईला विजेची ट्राम हवी होती आणि त्या ट्रामच्या त्रासाने विज्ञानाला पळून यावं लागलं, ते अलिबागला!

झालं असं. मुंबईत कुलाब्याला इंग्रजांची वेधशाळा होती, १८२६ सालची. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकाची मोजणी चाले. होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते ती याच चुंबकाने; आपले तांडेलसुद्धा तिच्यावर होडी हाकत. ही सुई दिवसभर अगदी बारीक बारीक हलत असते. ते हलणं टिपून ठेवायचं, एवढंच काम. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण १८५९ च्या सप्टेंबरात काय झालं बघा. सूर्यावर मोठा स्फोट झाला आणि त्याचा झटका पृथ्वीला बसला. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. इंग्लंडमध्ये मोजणीची यंत्रं फोटोच्या कागदावर आपोआप रेघ काढत होती, ती रेघ कागदाच्या बाहेरच गेली. म्हणजे नेमकी मोजायची वेळ आली तेव्हाच आकडा हुकला. आणि कुलाब्याला? तिथे माणूस डोळ्यांनी बघून हाताने आकडे लिहीत होता. त्याच्या वहीत ते सापडलं. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ साली, ते वादळ केवढं मोठं होतं हे ठरवायला शास्त्रज्ञांनी याच मुंबईच्या नोंदी काढल्या. वहीत लिहिणारा तो माणूस कोण, हे आमच्या वाचनात कुठे आलं नाही. वही लिहिणाऱ्यांचं असंच असतं; आमच्या गटांतल्या सचिवबाईंना हे पटेल.

ट्राम मुंबईत १८७४ पासून होती, पण घोड्यांची. १९०० च्या सुमारास ती विजेवर चालवायचं ठरलं. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परत जातो, थोडा जमिनीत झिरपतो, आणि आजूबाजूची चुंबकाची सुई थरथरायला लागते. मग सुई पृथ्वीमुळे हलली की ट्राममुळे, कळणार कसं? कुलाबा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस. या पदावरचे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांनी ट्रामशी भांडण काढलं नाही, नवी जागा शोधली. मुंबईपासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर, समुद्रकाठी, शांत असं अलिबाग निवडलं. इमारतीला पोरबंदरचा दगड आणला, कारण त्यात चुंबकाला ओढणारं काही नाही. लोखंड तर दूरच ठेवलं. १९०४ पासून अलिबागला नोंदी सुरू झाल्या.

मूससाहेबांचं मोठेपण आम्हाला वाटतं ते पुढच्या गोष्टीत. नवी वेधशाळा सुरू झाली म्हणून त्यांनी जुनी लगेच बंद केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडच्या नोंदी बरोबरीने ठेवल्या, म्हणजे जुना आकडा आणि नवा आकडा यांची सांगड बसली. ७ मे १९०७ ला मुंबईत विजेची ट्राम धावली. ती ट्राम १९६४ मध्ये कायमची बंद झाली. अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे. आपण समुद्रावर जाताना तिच्या कुंपणावरून जातो आणि आत काय आहे हे पोरांनाही सांगत नाही.

आता दुसरी गोष्ट. ती सांगताना अजूनही रेवस-बोडणीकडच्या म्हाताऱ्या बायांचा आवाज बदलतो.

रस्ते नव्हते तेव्हा मुंबईला जायचं म्हणजे बोटीनेच. आपल्या बंदरांवर ज्या स्वदेशी कंपनीच्या बोटी लागत, तिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. बोटींना नावंही घरची, संतांची. त्यातलीच एक रामदास. १७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता. आषाढी अमावास्येचा सण, त्यामुळे मुंबईत कामाला असलेली माणसं घरी निघालेली. सकाळी आठला भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली. रेवस तासा-दीड तासावर. वाटेत काशाच्या खडकाजवळ वारा-पाऊस आला, लाटा उसळल्या, माणसं एका बाजूला धावली, बोट कलंडली आणि बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. बहुतेक आपल्याच गावांतली.

मैत्रिणींनो, बोट बुडाली सकाळी. मुंबईला ते कळलं दुपार टळल्यावर. मधले इतके तास कोणाला पत्ताच नाही, कारण बोटीवर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं. रेवसच्या धक्क्यावर वाट बघणारी माणसं वाटच बघत राहिली. ज्यांनी बघितलं ते आपले कोळी. मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या रेवसच्या होड्या तिथे पोचल्या. मासळी समुद्रात टाकून त्यांनी माणसं होडीत ओढून घेतली, असं सांगतात. पाऊणशेच्या आसपास जीव त्यांनी वाचवले. दिवसभराची कमाई पाण्यात टाकणं म्हणजे काय, ते मासळी विकणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

बिनतारी यंत्र तेव्हा काही नवीन नव्हतं. मोठ्या जहाजांवर ते कितीतरी वर्षं होतं. टायटॅनिक बुडाली १९१२ मध्ये, तिच्यावरसुद्धा होतं आणि त्यावरूनच मदत मागवली गेली. किनाऱ्या-किनाऱ्याने जाणाऱ्या गरिबांच्या बोटीला मात्र ते लागतं असं कोणाला वाटलं नव्हतं. याच कंपनीच्या जयंती आणि तुकाराम या दोन बोटी १९२७ साली बुडाल्या होत्या. तेव्हाही जाग आली नाही. रामदासनंतर मात्र बोटींवर बिनतारी यंत्राची सक्ती झाली आणि पावसाळ्यातली वाहतूक बंद ठेवायचं ठरलं. मांडव्याची लाँच पावसाळ्यात बंद होते म्हणून आपण कुरकुरतो ना, त्यामागे ही माणसं आहेत. आता २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो येते, तिच्यातून गाड्यासुद्धा येतात. पोरं सेल्फी काढतात. काढू देत, पण बाजूच्या पाण्याची गोष्ट त्यांना माहीत असावी.

मधला बराच काळ आम्ही वगळतो. चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ चालला, बायांनी डोंगरातली लाकडं विकून चुली पेटत्या ठेवल्या आणि त्या चळवळीतूनच १९३७ साली नारायण नागू पाटलांनी 'कृषीवल' पत्र काढलं. आपली बातमी आपणच छापायची, हे तेव्हाच कळलेलं. त्यावर एक अख्खं बोलणं होईल.

थेट येऊ ३ जून २०२० वर. निसर्ग वादळ. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा, आणि ते किनाऱ्याला लागलं अलिबागच्या दक्षिणेला, भर दुपारी. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, तेव्हा नुकसान एका वर्षाचं नव्हतं. त्यात लॉकडाऊन. विजेचे खांब पडले, मोबाइल मुके झाले. मदतीचे नंबर टीव्हीवर सांगत होते, पण टीव्ही लावायला वीज कुठे होती? मुंबईतली मुलं इकडे फोन लावून लावून थकली. कितीतरी घरांत तीन-चार दिवसांनी, कोणीतरी मोटारसायकलवरून रेंजमध्ये जाऊन निरोप दिल्यावर कळलं की म्हातारी सुखरूप आहे. १९४७ मध्ये यंत्र नव्हतं म्हणून बातमी अडकली. २०२० मध्ये प्रत्येकाच्या खिशात यंत्र होतं, आणि तरी अडकली.

पंचनामे सुरू झाले तेव्हा बँक खात्याचे नंबर मागायला लागले. पासबुकं भिजून लगदा झालेली, मोबाइल बंद. आमच्या भागातल्या काही गटांची रजिस्टरं पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत होती. त्यात प्रत्येक सभासदाचं नाव, खाते नंबर, आधारचा आकडा. ती उघडून बायांनी झाडाखाली बसून याद्या केल्या. ज्यांचं सगळं वाहून गेलं त्यांना आपलीच माहिती परत गटाच्या वहीतून मिळाली.

हे आत्ताच सांगायचं कारण म्हणजे गटाचे हिशोब आता ॲपवर भरायचे असतात, आणि काही ठिकाणी बाया म्हणतात, मग वही कशाला, दुप्पट काम. काम वाढतं हे खरंच, आणि त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही, ही तक्रार आम्हालाही मान्य आहे. ॲप वाईट नाही. बँकेत कर्जाची फाइल त्याने लवकर पुढे जाते. पण पंचसूत्रीत लेखे अद्ययावत ठेवा म्हटलंय, वही बंद करा म्हटलेलं नाही. मूससाहेबांनी दोन वर्षं दोन्ही चालवलं होतं. दर बैठकीला आधी वहीत, मग ॲपवर, आणि महिन्याला दोन्हीचा ताळा, असं आम्ही आमच्या प्रभागात चालवतो. दुसरं, पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत एक प्रश्न लेखी द्या: गावच्या टॉवरला वीज गेल्यावर किती तास चालेल एवढी बॅटरी किंवा डिझेल आहे, आणि ते कोण बघतं? उत्तर ठरावात लिहून घ्या. आमच्या एका गावात हा प्रश्न तीन ग्रामसभांत गेला, तेव्हा कुठे कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. बॅटरी अजून बदललेली नाही. चौथ्या सभेतही तो प्रश्न जाणार आहे.

आणि ज्यांच्या घरात रामदास बोटीची काही आठवण असेल, गेलेल्याची किंवा वाचलेल्याची, त्यांनी आपल्या गटाच्या सचिवबाईंकडे निरोप द्या. आजी बोलायला तयार असतील तर आम्ही रेकॉर्डर घेऊन घरी येऊ. रेंज लागत नसेल तर चिठ्ठी पाठवा.