तालमीची दारे बंद होती, म्हणून गायकवृंदात शिरलेला विद्यार्थी

व्हिएन्ना, १९५४. मुंबईतले वैद्यकीय शिक्षण सोडून अठरा वर्षांचे झुबिन मेहता येथे हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे वाद्यवृंद-संचालन शिकण्यास आले. वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला होता. म्हणजे हे वेड घरचेच.

संचालकाची अडचण विचित्र असते. गायकाला रियाजास एक तंबोरा पुरतो, याला शंभर माणसे लागतात. ती मिळेपर्यंत थोरांच्या तालमी पाहणे हाच अभ्यास. पण त्या तालमी बाहेरच्यांना बंद होत्या. तेव्हा मेहता आणि सहाध्यायी क्लाउडिओ अब्बाडो थेट तेथील गायकवृंदातच दाखल झाले, आणि गाता गाता कारायान यांचे हात निरखू लागले. (आमच्या राजूरकडे भजनात टाळ धरून पखवाजावर डोळा ठेवणारी पोरे असतात, युक्ती तीच.)

१९५८ मध्ये त्यांनी लिव्हरपूलची संचालन-स्पर्धा जिंकली. पुढे लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकने त्यांना नेमले, तेव्हा नियोजित संगीत-संचालक जॉर्ज सोल्टी यांना विचारलेच नव्हते. सोल्टी संतापून पद सोडून गेले. १९६२ मध्ये ती जागा सव्वीस वर्षांच्या मेहतांकडे आली.